मुशोरेचं नाव

मिशन, ११ मे १९१३

तावेंग्वा,

हे पत्र फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. मिशनच्या शाळेत लहान पोरांच्या मागे बसून, त्यांचं खिदळणं ऐकत मी अक्षरं शिकले, ती वाया गेलेली मला आवडणार नाहीत. पत्र फादरांच्या टपालातून जातं आणि फादर मला मार्था म्हणतात, म्हणून पाकिटावर तुला ते नाव दिसलं असेल. आत मीच आहे, मुचानेता.

बाबांना जाऊन एक पावसाळा उलटला. निरोप तुला पोचला होता हे मला ठाऊक आहे, कारण तो ज्याच्या हाती दिला तो थापा मारणाऱ्यातला नाही. तू त्यांना पुरायला आला नाहीस. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायला बसले तर फादरांचे कागद पुरायचे नाहीत.

आता पिकं निघाली आहेत, तेव्हा बाबांना घरी आणायचं आहे. बराकीतलं जेवून तू विसरला असशील म्हणून सांगते. आपला माणूस पुरला म्हणजे संपलं असं नसतं. तो रानात भटकत राहतो, थंडीवाऱ्यात, कुणाचाच नसल्यासारखा. त्याच्या पोरांनी नाचणीची दारू करायची, थडग्यावर ओतायची, त्याला बोलवून अंगणात आणायचं, तेव्हा कुठे तो घरचा होतो. आणि दारूला नाचणी प्रत्येक पोराच्या हातची लागते, मूठभर का होईना. बाबांची पोरं आपण दोघंच. माझी मूठ तयार आहे. तुझी पाठव, आणि तिच्या मागोमाग तू ये.

आम्ही सगळे बरे आहोत. मुरोंबोकाका बरे आहेत, थोडा खोकला आहे इतकंच. गावात नेहमीसारखीच गजबज आहे. माझी काळजी करू नकोस. करत असशील अशातला भाग नाही, पण पत्रात असं लिहायचं असतं असं आम्हाला शिकवलं आहे.

तुझी ताई

मिशन, २९ जून

तावेंग्वा,

उत्तर नाही. पोलिसाला सवड नसते हे मान्य. पण तुझ्या ग्वेलोहून इकडे गाडी येते, मिशनची माणसं जातात-येतात, आणि 'येत नाही' हे लिहायलासुद्धा एकच ओळ लागते.

मागच्या वेळी एक गोष्ट मी लिहिली नाही. तुझी पत्रं तुझा साहेब आधी उघडतो की काय, या धास्तीनं. आता उघडू दे. आपली टेकडी आणि खाली नदीपर्यंतची सगळी जमीन इथे राज्य चालवणाऱ्या कंपनीनं एका गोऱ्याला विकली. उन्हात त्याचे कान भाजून निघतात म्हणून आम्ही त्याला लालकान्या म्हणतो. जिरी कमिशनरच्या कचेरीत गेला आणि त्यानं विचारलं, की कंपनीनं विकली ते कळलं, पण तिनं ती घेतली कुणाकडून? दुभाषा म्हणाला, "हे मी साहेबाला सांगत नाही, म्हाताऱ्या. तुझ्याच भल्यासाठी." जिरी अजून तसाच आहे. आपल्या घरी मरण झालं की सगळे रडत असताना थट्टा करायचा मान त्याचा, आणि बाबांना पुरतानाही त्यानं तो सोडला नाही. खड्ड्यात उतरून म्हणाला, "मुशोरे, सरक जरा, उभा जन्म तू माझी जागा अडवलीस."

पाऊस पडायच्या आत आम्ही सगळ्यांनी काळ्यांसाठी ठेवलेल्या राखीव जमिनीवर जायचं असा हुकूम आहे. तिथे वाळू आहे, आणि पाणी बायकांच्या डोक्यावरून येतं. ज्याला इथेच राहायचं असेल त्यानं लालकान्याची मजुरी करायची. बाबांचं थडगं त्याच्या वाट्याला आलं आहे. तिथली झाडं तोडून तो मका लावणार आहे.

म्हणून घाई. बकरीच्या महिन्यात, फादरांच्या नोव्हेंबरात, मेलेल्यांसाठी काही करता येत नाही हे तर तुला कळतं. त्या महिन्याच्या आधी बाबांना तिथून उठवलं नाही तर नंतर कुंपण असेल, नांगर असेल, आणि माझे बाबा परक्याच्या मक्यात बेवारशासारखे फिरतील. मला हे सहन होत नाही. जेवताना घास तोंडात तसाच राहतो.

गावात गजबज आहे असं मी लिहिलं होतं. नाही. बहुतेक घरं उठून गेली. लोकांनी दारं, खांब, छपरांचं गवतसुद्धा नेलं. काकांनी बायकोपोरांना तिकडे पोचवलं आहे आणि ते स्वतः ये-जा करतात. काकांना मी सांगितलं आहे की तू येणार आहेस. ते उठून बैल सोडायला गेले.

तुझी ताई

मिशन, ३ ऑगस्ट

तावेंग्वा,

आता गावात मी एकटी आहे.

हे मला लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नाही. थडग्यापाशी कुणीतरी राहायला हवं, नाहीतर लालकान्याची माणसं दगड उचलून नेतील. काकांना पोरंबाळं आहेत, त्यांनी राहायचं तर ती काय खाणार? मला मूल नाही. मूल झालं नाही म्हणून तर नवऱ्यानं माघारी पाठवली. म्हणजे राहायला मीच बरी, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं आणि मीही न बोलता मान्य केलं. दिवसभर कोंबड्यांशी बोलते. वानरं ओसाड अंगणात येऊन बसतात, ऐटीत, आपणच जमीन विकत घेतल्यासारखी. कधी त्यांच्यावर दगड मारते, कधी नुसतीच बघत बसते, कारण हलणारं काहीतरी दिसतं. आठवड्यातून एकदा मिशनला येते ती खरं म्हणजे कुणी 'मार्था, कशी आहेस' असं विचारावं म्हणून.

काल काका आले होते. मी पिठाचा घट्ट साझा घोटला, सुकवलेले उंदीर भाजले, त्यांना आवडतात तसे कुरकुरीत. पोट भरल्यावर हळूच विषय काढला. म्हटलं, तावेंग्वा आला तर त्याला अंगणात बसू द्याल ना? काकांनी बाही वर केली. मनगटावर काही दिसत नाही आता, पण ते तिथेच चोळत राहिले. मी म्हटलं, खाणीच्या वेठीला नेताना त्यानं तुम्हाला बांधलं खरं, पण दुसऱ्या पोलिसानं घट्ट बांधलं असतं म्हणून स्वतः पुढे झाला, दोर मुद्दाम सैल ठेवला, त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं.

"सैल दोरानंही माणूस खाणीतच पोचतो, मुचा," काका म्हणाले. मग त्यांना खोकला आला आणि तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिले. थोडा खोकला आहे असं मी लिहिलं होतं ना? तो थोडा नाही.

मला तो दिवस विसरता येत नाही. तू खाकी कपड्यांत, काका दोरात, आणि बाबा दारात. साऱ्या गावादेखत बाबा म्हणाले, हा माझा नाही. तू मान खाली घालून काकांना घेऊन गेलास. खाली का घातलीस? बाबांकडे एकदा बघायचं होतंस. मीही काही बोलले नाही, मीही तुझ्यासारखीच उभी होते.

काकांनी जाताना एवढं सांगितलं: दारूच्या दिवशी बाबांचं नावही कुणाला तरी द्यावं लागेल, आणि ते पहिल्यानं मुलाचं असतं. मुलगा आलाच तर ते आड येणार नाहीत. "शेजारी बसणार नाही, पण आड येणार नाही," असं म्हणाले. काकांकडून एवढं मिळालं हे खूप आहे. ये रे.

तुझी ताई

मिशन, १४ सप्टेंबर

तावेंग्वा,

खाणीवरून परतलेला एक माणूस तुझी पुरचुंडी घेऊन आला. आत नाचणी, आणि चिठ्ठी. पुरचुंडी हातात घेतली आणि मी मिशनच्या ओट्यावर सगळ्यांसमोर रडले. फादरांना वाटलं कुणी गेलं.

मग चिठ्ठी वाचली. 'बाबांनी मला टाकलं. त्यांनीच हाक मारली तर त्या अंगणात पाऊल ठेवीन, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, तुझ्याही नाही. मेलेला माणूस हाक मारत नाही हे मला कळतं, म्हणजे माझं उत्तरही तुला कळेल. नाचणी माझ्या हातची आहे, बराकीमागे लावली होती.'

मला इतका राग आला की मी पायीच निघाले, आणि नदीपर्यंत तुला शिव्या देत चालले. बाबांचा हट्ट तेवढा बरोबर उचललास. डोळे आईचे घेतलेस, चांगला आवाज काकांचा घेतलास, आणि नेमकी ही एक गोष्ट बाबांची.

तुला खोटं लिहिणं किती सोपं होतं. शेवटच्या दिवशी बाबांनी तुझं नाव घेतलं, दाराकडे बघत होते, असं काहीतरी. तू धावत आला असतास. पण ते खरं नाही. बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. आजारात पाणी मागितलं, काठी मागितली, मला दोनदा आईच्या नावानं हाक मारली, तुला एकदाही नाही. मी वाट बघत होते, तुझ्याइतकीच. हे तुला सांगताना बरं वाटत नाही, पण खोट्या हाकेवर तुला आणलं असतं तर बाबांसमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहिले असते?

नाचणी काकांना दाखवली. त्यांनी दाणे तळहातावर फिरवले. ही पोलिसांच्या घोड्यांच्या खाद्यातली नाही कशावरून, असं म्हणाले. जिरीनं चार दाणे तोंडात टाकले आणि निवाडा दिला: "घोड्याची नाही. घोड्याची असती तर याहून बरी असती." मी तुझी मूठ वेगळ्या मडक्यात भिजत घातली. माझी भीती तुला सांगते: ज्याला बापानं टाकलं त्याचं धान्य कुजतं, असं बायका बोलतात. मी रोज पालथ्या हातानं मडक्याला हात लावून बघायची, ऊब आहे का. मोड आले, तावेंग्वा. माझ्या नाचणीइतकेच लांब. काकांनी येऊन पाहिलं. तुझी नाचणी माझ्या नाचणीत ओतली ती त्यांनीच.

तुझी ताई

मिशन, ५ ऑक्टोबर

तावेंग्वा,

दारू लावली आहे. मोठी मडकी काकूनं राखीव जमिनीवरून डोक्यावर परत आणली, पाण्यासाठी नेली होती तीच. महिनाअखेर दिवस धरला आहे. त्यानंतर लगेच बकरीचा महिना, आणि लालकान्याच्या तारांची भेंडोळी आत्ताच नदीकाठी येऊन पडली आहेत.

आता नीट वाच, कारण यापुढे पत्र पोचायला वेळ नाही.

काकांनी ठरवलं आहे की तू आला नाहीस तर बाबांचं नाव ते घेतील. त्यांचा हक्क आहे, सख्खे भाऊ आहेत, त्यांना कुणी अडवणार नाही. नाव अधांतरी ठेवता येत नाही, नव्या जागी नाव नसलेलं घर कसं उभं करणार? पण नाव घेणं म्हणजे काय हे तू जाणतोस. बाबांची काठी हातात घेतली की काका उरत नाहीत. ते मुशोरे होतात. बाबांचं जे काही, ते त्यांचं: घर, माणसं, आणि बाबांचा शब्दही. बाबा बोलले ते त्यांनी बोलल्यासारखं, ते बोलतील ते बाबांनी बोलल्यासारखं. ते तुझे बाप होतील, मग तुला आवडो न आवडो.

आणि काका तुला कधीही हाक मारणार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. रात्री त्यांना बसून झोपावं लागतं, आडवं झालं की छाती भरते. पण मग 'हा माझा नाही' हेच मुशोरेचं कायमचं बोलणं होऊन बसेल, आणि ते बदलणारा या जगात कुणी राहणार नाही. मी मरेन तेव्हा मला पुरायला भाऊ नसेल.

हाक नको, पाऊल नको, अंगणाबाहेर झाडाखाली उभा राहा. मान खाली घालून उभा राहा हवं तर. पण त्या दिवशी इथे अस. मी तुझ्याकडे या पत्रांआधी कधी काही मागितलेलं नाही, आठवून बघ.

तुझी ताई

गाव, २६ ऑक्टोबर, रात्री

तावेंग्वा,

तू आला नाहीस. पहाटेपासून मी वाटेकडे बघत होते. राखीव जमिनीवरून माणसं आली, लालकान्यासुद्धा घोड्यावरून येऊन बघून गेला, त्याला वाटलं आम्ही त्याच्याविरुद्ध काही करतो आहोत. तू तेवढा नव्हतास.

थडग्यावर दारू ओतली. काकांनी बाबांना उठवलं, म्हणाले, चल, इथे आता आपलं काही नाही. बाबांना बसायला ठेवलेली रानबोरीची फांदी थडग्यावरून उचलली आणि जमिनीवरून ओढत घरी आणली, वाटेत कुणी मागे बघितलं नाही. जिरीनं बाबांचा कोट घातला होता. हुबेहूब बाबांसारखा एका पायावर जोर देत चालला, मला म्हणाला, "मुचा, पाणी आणायला नदीवर गेलीस की नदी आणायला?" सगळे हसले, मीही हसले. मग वेशीशी आल्यावर त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, बाबांच्या आवाजात तुझं नाव घ्यायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाबांनी जे केलं नाही ते त्याला करता येईना.

अंगणात चटई टाकली. बाबांची गाठीची काठी आणि पाण्याचं भांडं मधे ठेवलं. काका उठले, चटईपाशी गेले, आणि बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. मी शब्द न शब्द लिहिते, तुला ते माझ्याकडूनच कळायला हवेत.

"मी नाव घेतलं की त्या पोराचा बाप मी," काका म्हणाले. "मग त्याला हाक मारायची पाळी माझ्यावर येईल, आणि माझ्या तोंडून ती निघणार नाही. मी मला ओळखतो. माझा भाऊ आज रानातून घरी आला आहे. त्याच्या तोंडाला मी माझं कुलूप लावणार नाही. काठी मुचाला द्या."

एकदम कालवा झाला. राखीव जमिनीवरचा एक म्हातारा म्हणाला, बाईच्या हाती काठी देता? जिरी कोटाची बटणं सोडत म्हणाला, "मुशोरेला दाढी तशीही धड आली नव्हती." काकू म्हणाली, बापाची लेक ही बापच असते, आपल्यात असं पूर्वी झालेलं आहे, त्यात नवल काय. मी नको म्हणत होते. काकांनी मला दंडाला धरून चटईवर बसवलं आणि काठी हातात दिली. मग ते माझ्यासमोर मातीत बसले, बाबांपुढे बसायचे तसे, आणि हळू टाळ्या वाजवून मला म्हणाले, "दादा, आलास."

तावेंग्वा, ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून नदी दाखवली तो मला दादा म्हणतो आहे. मी त्यांच्या छातीची घरघर ऐकत होते आणि मला उत्तर द्यायचं होतं, आणि ते बाबांसारखं द्यायचं होतं. मी म्हटलं, आलो.

आता सगळे निघून गेले आहेत. उद्या काका बैल घेऊन येतील आणि मीही जाणार. दुपारी काकूची पोरं समोर आली तर त्यांनी मला मुचा म्हटलं नाही, नजरही वर केली नाही. काकूसुद्धा चुलीपाशी माझ्या शेजारी बसायची ती आज पदार्थ ठेवून लांब जाऊन बसली. मान मिळतो आहे, तक्रार करायची सोय नाही. पण काठी हाती आल्यापासून एकानंही माझं नाव घेतलं नाही. मिशनचे फादर मार्था म्हणतात तेवढंच. मला ताई म्हणणारा जगात तू एक होतास, आणि यापुढे तुलाही तसं म्हणता येणार नाही. एवढं सगळं करून माझ्या हाती हे आलं. मला बहीणच राहायचं होतं. बहीण म्हणून हे शेवटचं लिहिते: मला तुझी फार आठवण येते.

यापुढचं मी लिहीत नाही, मुशोरे लिहितो आहे.

तावेंग्वा, तू माझ्या भावाला बांधून खाणीत नेलंस. तो आता रात्री बसून झोपतो. ते मी विसरलेलो नाही आणि तूही विसरायचं नाही. आल्यावर आधी त्याच्यापुढे जाऊन बस. तो बोलणार नाही, तरी बस. साऱ्या गावादेखत मी म्हणालो होतो की तू माझा नाहीस. आज त्याच गावादेखत, काठी हातात धरून, मी ते परत घेतलं आहे. मुरोंबोनं ऐकलं आणि मान डोलावली. तू माझा आहेस.

नव्या घराचे खांब रोवायला मला मुलगा हवा आहे. मी तुला हाक मारतो आहे. ये.

तुझा बाप
मुशोरे